एकाच नावाचे दोघे

"मामा, भोकरदनला मोटारसायकल घेतली होती का तुम्ही कधी?"

बँकेतल्या आकांक्षा मॅडमनी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं, तसा भारत मगरे हसला. "मॅडम, मी शाळेची गाडी चालवतो. लोकाची पोरं गाडीतून घरी सोडतो अन् मंग आपून पायी घरी जातो. मला कशाला मोटारसायकल?"

"मग हे कर्ज कुणाचं? तुमच्या नावावर दिसतंय. हप्ते थकलेत, तेही बऱ्याच दिवसांपासून."

शेजारी बसलेल्या मोनालीनं बापाकडं पाहिलं. ती नजर काही संशयाची नव्हती, पण क्षणभर थबकली होती. तेवढ्यानंच भारतचं हसू मावळलं.

मोनालीचा नंबर संभाजीनगरच्या नर्सिंग कॉलेजात लागला होता. फीसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं, त्यात बाप सोबत लागतो, आणि बापाचा क्रेडिट रिपोर्ट साफ लागतो, एवढं त्याला आज सकाळी कळलं होतं. त्याला त्याची धास्ती नव्हती. घनसावंगीत कुणालाही विचारा, भारत मगरेला उधारीचं नाव काढलं की ठसका लागतो. किराणा दुकानदार स्वतःहून "राहू दे, पुढच्या महिन्यात दे" म्हणाला, तर हा साखरेची पुडी तिथंच ठेवून परत यायचा.

मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडं वळवली. नाव भारत सर्जेराव मगरे. जन्मतारीख एक जून. सालही तेच.

"एक जून?" भारत म्हणाला. "मॅडम, आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच हायेत. ज्याची तारीख मायबापाला ठावं न्हाई, त्याला गुरुजींनी एक जून लावून टाकली."

"तसंच झालं असणार. नाव एक, तारीख एक, जिल्हा एक. दुसऱ्या कुणाचं तरी कर्ज तुमच्या रिपोर्टला चिकटलंय." मॅडमनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि तिथंच बसून त्याची तक्रार भरून दिली. त्याच्याकडून आधारकार्ड घेतलं, पॅनकार्ड घेतलं. "होईल, मामा. थोडा वेळ लागेल."

वेळ लागला, आणि उत्तर आलं ते उलटंच. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीनं कळवलं होतं की माहिती बरोबर आहे, कर्जदार हाच आहे.

त्या दिवसापासून भारतला जेवण गोड लागेना. गाडीत पोरं गाणी म्हणायची, तो आरशात बघायचाही नाही. कॉलेजनं प्रवेशासाठी दिलेली मुदत संपत आली होती. मोनाली म्हणाली, "पप्पा, न्हाई जमलं तर पुढच्या वर्षी बघू." ती हे इतक्या शहाणपणानं म्हणाली की त्याला त्यापेक्षा तिनं आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

तो पुन्हा बँकेत गेला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रिपोर्टात तुमचा नसलेला एक पत्ता आहे, भोकरदन तालुक्यातला. तो खरा कर्जदार सापडला आणि कंपनीच्या शाखेत येऊन बोलला, तर त्यांना मान्य करावंच लागेल."

शाळेतून रजा घेऊन भारत पहाटेच्या गाडीनं निघाला. जालन्याला बस बदलली. वाटभर त्या दुसऱ्या भारतला काय काय बोलायचं, ते मनात घोळवत होता. 'तुझ्या गाडीपायी माझ्या पोरीचं वर्ष चाललंय' इथून सुरुवात करायची, आणि मंग गचांडी धरायची. भोकरदनहून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तो त्या वाडीला पोचला, तेव्हा दुपार झाली होती.

पत्र्याच्या घरापुढं एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"जयभीम, आज्जी. भारत मगऱ्याचं घर हेच का?"

म्हातारीचा हात थांबला. "जयभीम. तू कोन रं बाबा?"

"मी भारत. भारत सर्जेराव मगरे."

शेंगा मांडीवरून घरंगळल्या. म्हातारीनं मान वर करून, डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं. "काय म्हन्ला? पुन्यांदा सांग."

भारतनं पुन्हा सांगितलं. का कोण जाणे, या वेळी आवाज खाली गेला.

आतून एक बाई बाहेर आली. कपाळ मोकळं, हाताला पिठाचा चिकटा. सासूचा चेहरा बघून तिनं विचारलं, "काय झालं, आत्या?"

"शालू, ह्याला पानी दे," म्हातारी म्हणाली. "आपल्या भारतच्या नावाचा हाय."

पाणी पिता पिता भारतला कळत गेलं. त्यांचा भारत विहिरी खोदायच्या क्रेनवर कामाला होता. दोन वर्षांमागं दोर तुटला आणि तो विहिरीत पडून गेला. मोटारसायकल त्याच्या आधी थोडेच दिवस घेतलेली. हप्ते थकले तसे फायनान्सवाले येऊन ती ओढून घेऊन गेले. शालूला वाटलं, गाडी गेली, म्हणजे विषय मिटला.

भारतनं तांब्या खाली ठेवला. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य आता तोंडात येईना. "येतो मंग," म्हणून तो उठला.

"आरं, घनसावंगीहून इतक्या लांब पानी प्यायला आल्ता का तू?" म्हातारी, चतुराबाई, म्हणाल्या. "बस. काय काम हाय ते सांग."

तेव्हा त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

शालू हातावरचं पीठ खरवडत राहिली. मग म्हणाली, "दादा, मी तिथं येऊन सांगितलं की हे माझ्या मालकाचं हाय, तर उद्या ते माझ्या दारात येतेन. मी लोकाच्या रानात खुरपायला जाते. मी कुठून भरू?"

"बराबर हाय ताई," भारत म्हणाला. त्याला खरंच ते बरोबर वाटलं होतं. "म्हणूनच मी निघालो होतो."

"पोरगी काय शिकनार म्हन्ला?" चतुराबाईंनी विचारलं.

"नर्स."

म्हातारी सुनेकडं वळली. मग सांडलेल्या शेंगा वेचू लागली. शालू आत गेली. भारतला वाटलं, संपलं. पण ती हात धुऊन, पदर सारखा करून, एक पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत नवऱ्याचं आधारकार्ड होतं आणि मृत्यूचा दाखला.

"चला," ती म्हणाली. "त्यांनी जित्तेपनी कुनाला तरास दिला न्हाई. मेल्यावर कशाला द्यावा?"

भोकरदनच्या शाखेतल्या साहेबानं आधी हात झटकले. फाइल वरच्या ऑफिसला आहे, आज माणूस नाही, सोमवारी या. शालू काउंटरपासून हललीच नाही. तिनं नवऱ्याचं कार्ड पुढं ठेवलं, भारतला म्हणाली तुमचंही ठेवा, आणि साहेबाला म्हणाली, "दोन्ही फोटू बघा, साहेब. ह्यो जित्ता हाय. माझा गेला. एवढंच ल्ह्यायचं हाय तुमाला."

साहेबानं दोन्ही फोटो बघितले. मग तो उठला आणि फाइल शोधायला लागला. फाइल तिथंच निघाली. चाळता चाळता तो थांबला.

"वहिनी, या कर्जाला विमा होता. कर्जदार गेला की उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं. तुम्ही मृत्यूचा दाखला दिलाच नाही?"

"कोनी मागितलाच न्हाई," शालू म्हणाली.

साहेब झेरॉक्स मशीनकडं गेला. त्यानं दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या, तिचा अंगठा न घेता सही घेतली, आणि भारतसाठी पत्र टाइप केलं. भारतनं ते पत्र दोनदा वाचलं. अमुक पत्त्यावर राहणाऱ्या भारत सर्जेराव मगरे यांचा या कर्जाशी संबंध नाही. आपलं नाव इतकं चांगलं त्याला कधी वाटलं नव्हतं.

स्टँडवर त्यानं शालूच्या हातावर परतीचं भाडं ठेवलं, तर तिनं मूठच उघडली नाही. "पोरीला वही घ्या," म्हणाली, आणि काळीपिवळीत जाऊन बसली.

पुढचं मार्गी लागलं. आकांक्षा मॅडमनी पत्र जोडून तक्रार पुन्हा पाठवली. रिपोर्टातून ते कर्ज निघालं, त्याच्यासोबत वाडीचा पत्ताही निघाला. मुदतीच्या आत मोनालीचा प्रवेश झाला. ती जाताना पेढे घेऊन भारत बँकेत गेला. मॅडमनी एक पेढा घेतला आणि विचारलं, "त्या ताईंचं काय झालं, मामा?"

"कागद फिरून राह्यलेत अजून," तो म्हणाला. शालूचा फोन नंबर त्यानं घेतलेला होता. कधीमधी तो चौकशी करायचा. त्या शाखेत दोनदा फोन करून त्यानं साहेबाला आठवणही दिली होती.

दिवाळीनंतर शालूचाच फोन आला. "दादा, विमा मंजूर झाला म्हनतेत. सहीला बोलावलंय. तिथं माझ्याकडून काय चुकलं तर? तुमी येता का?"

"येतो की," भारत म्हणाला. मोनालीनं एक जाडजूड स्वेटर घेऊन ठेवला होता चतुराबाईंसाठी. तोही पिशवीत घातला.

शाखेत त्या दिवशी गर्दी होती. दोघं भिंतीकडेच्या बाकावर बसले. शालूनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. ती नुसती काउंटरकडं बघत होती. बऱ्याच वेळानं आतल्या माणसानं कर्ज फिटल्याचा दाखला हातात धरून नाव पुकारलं.

"भारत सर्जेराव मगरे!"

भारत सवयीनं अर्धा उठला. मग खाली बसला.

"जी, आले," शालू म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन उठली.