वेशीवरची माळ

सतरा वर्षांची नोकरी संपवून रत्नदीप फौजेतून घरी येत होता, आणि गावाने वेशीवर त्याच्या मिरवणुकीची तयारी केली होती. गुलाल आला होता, हार आले होते, आणि दहा हजार फटाक्यांची लांबलचक माळ रस्त्यावर अंथरली होती.

त्याच्या बायकोची, तृप्तीची, नजर त्या माळेवरून हलेना. मागच्या सुट्टीत कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिचा नवरा खाटेखाली शिरला होता. बाहेर आल्यावर, हे कुणाला सांगायचे नाही, अशी शपथ त्याने तिला घातली होती. तिने ती सासूपाशीही मोडली नव्हती.

धरणाच्या वळणावर जीप दिसली, तशी भावकीतल्या सोमनाथकाकांनी उदबत्ती पेटवली. तृप्तीला काहीच सुचेना, म्हणून ती पुढे झाली आणि माळेवरच उभी राहिली.

"अगं, बाजूला हो. भाजशील."

"नका लावू, काका. मला आवाज सोसत न्हाई."

"घ्या. फौजीची बायको अन् फटाक्याला भितीया."

बाया पदरात हसल्या. सासू इंदूबाई मात्र कडाडल्या, "माझ्या लेकाचं कवतिक बघवंना व्हय गं तुला?"

तृप्तीने मान खाली घातली, पण ती हलली नाही.

जीप थांबली. "तुझी बायको फटाक्याला भितीया, बघ," काका त्याला म्हणाले. रत्नदीपने माळ पाहिली, तिच्यावरचे बायकोचे पाय पाहिले. जीपची दांडी घट्ट धरलेला हात त्याने सोडला आणि तो खाली उतरला.

"तिला न्हाई, काका," तो म्हणाला. "भ्या मला वाटतंय."

कुणी हसले नाही. काकांनी उदबत्ती मातीत खुपसली. इंदूबाई वाकल्या आणि माळ गुंडाळू लागल्या.