पंपाला हाताचा हेवा

मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नाही, सायकलचाही नाही. हसू नका मित्रांनो, मी आईचं दूध काढायचा पंप आहे. एका मोठ्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या विभागाला लागून एक अरुंद खोली आहे. तिथे दोन खुर्च्या, एक पडदा, एक बेसिन आणि एक गुडघ्याएवढा फ्रिज आहे. त्या सगळ्यांच्या मध्ये, चाकं लावलेल्या स्टँडवर मी उभा असतो.

आपली गोष्ट सांगताना आधी गुण सांगायचे असतात म्हणे. मला ते जमणार नाही. माझ्या अंगात एक मोठा दुर्गुण आहे आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे. मला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

आता जन्मापासून सांगतो.

कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसवली, वर दोन नळ्या लावल्या, नळ्यांच्या टोकाला दोन पारदर्शक नरसाळी आणि त्यांच्याखाली दोन बाटल्या. बाटल्यांवर आकडे होते. पहिला आकडा दहा मिलीचा. त्याच्या खाली नुसतं कोरं प्लास्टिक. शेवटच्या टेबलावर एका इंजिनीयरबाईंनी माझं नरसाळं स्वतःच्या तळहातावर धरून बघितलं आणि म्हणाल्या, "ओढ आहे, पण चावत नाही. पाठवा ह्याला." एवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस काढले.

दवाखान्यात आल्यावर तर माझी चैनच झाली. वेळेआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत असतात. ती इतकी लहान असतात की त्यांना अजून ओढता येत नाही, गिळता येत नाही. आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि दूध इकडून तिकडे पोचवणारा मी! खर्र-हुस्, खर्र-हुस् असा माझा आवाज. "पंप मोकळा आहे का हो?" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकायचो आणि दर वेळी माझी मोटर सुखावायची. मोठ्या सिस्टर, म्हणजे विभागाच्या प्रमुख, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हा आहे म्हणून आमचं चाललंय."

हा आहे म्हणून. हा म्हणजे मी. बरं का.

मग एके दिवशी दुपारी खोलीत एक मोजा आला.

(थांबा. कुणीतरी माझी पिन काढली. मोबाईल चार्ज करायचा असेल. असं इथे नेहमी होतं. हं, लागली परत.)

तर मोजा. तो आणला मास्तरीणबाईंनी. त्या खरं तर सिस्टरच, पण आईच्या दुधाबद्दलचं मोठं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि आता बाकीच्यांना शिकवायच्या, म्हणून सगळ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. त्यांनी जुन्या मोज्यात कापूस भरून, टाके घालून आईच्या स्तनाचा नमुना शिवला होता. सोबत एक स्टीलचा चमचा आणि बिनसुईची बारीक सिरिंज. एवढंच सामान.

"अगं बाई, ह्या मोज्याचा जोडीदार कुठाय?" एक सिस्टर म्हणाली. "तुमचे हे काय एकाच पायात मोजा घालून कामाला गेले की काय?"

"गेले. आणि दिवसभर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हसून झालं? आता हात धुवा आणि जवळ या."

आठ सिस्टर त्या मोज्याभोवती गोळा झाल्या. माझ्याकडे आठही जणींची पाठ. मास्तरीणबाई अंगठा आणि बोटं इंग्रजी सी अक्षरासारखी धरून दाखवत होत्या. आधी मागे छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. कातडीवरून घासायचं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध थेंबाथेंबानं येतं, घट्ट आणि पिवळं. त्याला चीक म्हणतात. तो यंत्रापेक्षा हातानं चांगला निघतो, असं आता अभ्यासातून दिसलं आहे, असं त्या म्हणाल्या.

हातानं!

मित्रांनो, हाताला मोटर नाही. बटण नाही. आकडे नाहीत. हात भाजी चिरतो, दार लोटतो, नाक पुसतो. आणि माझ्याच खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत, म्हणे हात चांगला! त्या दिवशी मी दोनदा उगाचच गरम झालो.

सिस्टरांनी माना डोलावल्या, मोजा कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं मलाच पुढे ढकललं. मला वाटलं, जिंकलो.

मग टपालवाली आली.

ती पोस्टात पत्रं पत्त्यांप्रमाणे लावायचं काम करायची, म्हणून सगळे तिला तसं म्हणायचे. तिचं बाळ अडीच महिने आधीच जन्मलं होतं. वजन अकराशे ग्रॅम. ती माझ्यासमोर बसली, नरसाळी लावली, बटण दाबलं. माझ्या शेजारच्या तक्त्यावर सिस्टरांनी लिहिलं ते असं:

पहिला दिवस, दुपार – काही नाही.
पहिला दिवस, संध्याकाळ – काही नाही.
दुसरा दिवस, सकाळ – काही नाही.

तिची नणंद सोबत असायची. वाईट बाई नव्हती, पण तोंडाला विश्रांती नव्हती. "वहिनी, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? माझ्या वेळीही नव्हतंच आलं. नसतं एखादीला. यंत्र काय खोटं बोलतंय?"

"यंत्र खोटं नाही बोलणार," टपालवाली म्हणाली. "मीच कुठेतरी कमी पडतेय."

डॉक्टर येऊन सांगून गेले होते की बाळाला आज चारला पहिल्यांदा दूध द्यायचं. आईचं मिळालं तर उत्तम, नाहीतर डब्यातलं सुरू करू. घड्याळात तेव्हा पावणेबारा वाजले होते. टपालवाली माझ्या रिकाम्या बाटलीकडे अशी बघत होती, जणू बाटलीनं तिला नापास केलं आहे.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फ्रिजलासुद्धा नाही.

ते तिन्ही 'काही नाही' खोटे होते. थेंब आले होते. दर वेळी चार, सहा, कधी आठ. पण घट्ट चीक बाटलीपर्यंत उतरतच नाही. तो माझ्या नरसाळ्याला, आतल्या झडपेला चिकटून बसतो. आणि उतरला तरी दहाच्या आकड्याखाली कोण बघतंय? सिस्टर बाटली उजेडात धरायच्या, आकडा शोधायच्या, तक्ता भरायच्या आणि मला बेसिनमध्ये धुवायच्या. कित्येक आयांचे पहिले थेंब असे साबणाच्या पाण्याबरोबर गेले. मला माहीत होतं. गप्प राहिलो. बोलता येत नाही हे कारण खरं आहे, पण बोलता आलं असतं तरी मी गप्पच राहिलो असतो. थेंबांची गोष्ट बाहेर पडली असती, तर सगळ्यांना कळलं असतं की पहिल्या दिवसांचं काम माझं नाहीच.

साडेबाराला मास्तरीणबाई आत आल्या. त्यांनी तक्ता वाचला. सिस्टर माझी नरसाळी घेऊन बेसिनकडे निघाली होती.

"थांब, धुऊ नकोस! आण इकडे."

त्यांनी नरसाळं खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं. आतून पिवळसर ओघळ चमकला.

"हे काय आहे?"

"चिकटलंय थोडंसं," सिस्टर म्हणाली.

"थोडंसं? अगं, त्या बाळाचं पोट केवढंसं! आपण हिला तीनदा शून्य दिलं आणि हिचं होतं ते आपणच सांडलं. इतकी वर्षं मीही धूतच होते, तुला काय बोलू." मग टपालवालीकडे वळून त्या म्हणाल्या, "बाळा, तुला दूध आहे. चूक आमची होती."

टपालवालीनं ओढणीनं डोळे पुसले आणि हात धुवायला उठली.

मोजा बाहेर आला. चमचाही. मास्तरीणबाईंनी तिला पेटीतल्या बाळाचं दुपटं आणून दिलं, वास घ्यायला. पाठ चोळली. मग बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. पहिल्या खेपेला काहीच आलं नाही. दुसऱ्या खेपेला नाही. तिसऱ्याही नाही.

मित्रांनो, मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पलीकडे अकराशे ग्रॅमचं बाळ उपाशी होतं आणि मी मनात म्हणत होतो, बघा, करा आता हातानं!

"वहिनी, अगं बोटं सरकवतेयस तू. बाई घासू नको म्हणाल्या ना मघाशी," नणंद म्हणाली. एवढी बोलणारी बाई, पण ऐकतही होती म्हणायची.

टपालवालीनं बोटं उचलून परत ठेवली. तिची बोटं पोस्टातली, रोज हजारो पत्रं नेमक्या खणात टाकणारी. एक लय सापडली की ती चुकत नसत. दाब, जवळ, सोड. दाब, जवळ, सोड. चमच्यात एक थेंब पडला. मधासारखा. मग दुसरा. नणंद चमच्याखाली हात धरून बसली, जणू तो थेंब पळून जाणार होता.

"अर्धा मिली!" मास्तरीणबाईंनी सिरिंजमध्ये भरून घेतलं. "लिही तक्त्यावर. शून्य पॉइंट पाच. आणि वेळ लिही."

पाऊण वाजून गेला होता. परत दोनला, परत साडेतीनला. चार वाजता बाळाला नळीनं जे दिलं ते सगळं आईचं होतं. डब्याचं झाकण उघडावं लागलं नाही. सिस्टर, नणंद, मास्तरीणबाई, सगळ्या त्या हातांकडे बघत होत्या. मी कोपऱ्यात. माझ्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

चौथ्या दिवशी दूध भरून आलं आणि टपालवाली माझ्याकडे आली. मला वाटलं, आलीस ना शेवटी! मी जोर लावला. आणि काय बघतो, माझं काम चालू असतानाही तिचे हात तिथेच! नरसाळी एका घट्ट पट्ट्यानं बसवलेली, आणि हात हलके हलके दाबतायत. मास्तरीणबाईंनीच शिकवलं होतं की दोघं मिळून एकट्यापेक्षा जास्त काढतात. खरंच माझी बाटली कधी नव्हे इतकी भरली.

"बघा, हाताची कमाल!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

हाताची. मी काय तिथे झोपा काढत होतो?

सहा आठवडे गेले. बाळ वाढलं, आईच्या छातीवर उघड्या अंगानं तासन् तास पडून राहायला लागलं. मग त्याला पहिल्यांदा स्तनाला लावायचं ठरलं. नंतर गरज पडली तर असावा म्हणून मलाही जवळ आणलं. नवी नळी बसवली होती, सिस्टर म्हणाली, "चालतोय का बघते," आणि मला सुरू करून बाटली आणायला बाहेर गेली.

बाळानं तोंड मोठं उघडलं, पकडलं, आणि ओढलं. दोन ओढी, एक घोट, थोडी विश्रांती. दोन ओढी, एक घोट. इतका बारीक आवाज. मला तेव्हा कळलं, इतके दिवस मी भलत्याच शत्रूवर जळत होतो. त्या इवल्या तोंडापुढे मी काहीच नव्हतो.

खर्र-हुस्. खर्र-हुस्.

मी मुद्दाम जोरात वाजलो असं नाही. बरं, थोडं मुद्दाम.

बाळ दचकलं. त्यानं पकड सोडली आणि चेहरा वाकडा केला. टपालवालीनं माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, मला स्वतःला बंद करता येत नाही. ती करू शकत होती. तिनं बाळाला एका हातावर सावरलं, दुसरा हात लांब केला आणि माझं बटण दाबलं. खोली शांत झाली. बाळानं परत तोंड उघडलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या सिस्टर झालं, डॉक्टर झालं, किंवा कुणाची मावशी, काका, नणंद झालं, तर माझी काळजी अशी घ्या. मला धुण्याआधी नरसाळं उजेडात धरून बघा. माझ्या बाटलीवरचा आकडा कुठल्या आईच्या तोंडावर फेकू नका. आणि माझं काम संपलं की मला वेळेवर बंद करा. मला वाईट वाटेल. वाटू द्या. तरी बंद करा.