शड्डू म्हणजे होकार नव्हे

द्राक्षबागांच्या तारांवर अजून दव लोंबत असे आणि तालमीच्या पत्र्याला उजेडाचा पहिला स्पर्शही झालेला नसे, तेव्हा तो आवाज यायचा. उघड्या मांडीवर तळहात आपटल्याचा. भरीव, घुमणारा, दूरवरच्या मेघासारखा. गल्लीची सकाळ त्या शड्डूनंच व्हायची. आई म्हणायची, "पुंजा उठला. चूल पेटव गं." माझ्या थोरल्या भावाला, पुंजादादाला, मी आधी कानांनी ओळखलं आणि मग डोळ्यांनी.

हळद, ताक आणि तेल पिऊन मुरलेल्या तांबड्या मातीचा गंध त्याच्या सदऱ्यातून कितीही धुतलं तरी जात नसे. कान मुडपून गेलेले, मान वडाच्या बुंध्यासारखी; आणि चालणं मात्र इतकं हलकं, की ओसरीवर झोपलेलं मांजरसुद्धा दचकू नये. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मी. दिंडोरीच्या स्टँडवर मला सोडताना तो माझी पुस्तकांची पिशवी एका बोटावर अडकवून घ्यायचा. म्हणायचा, "तू वाच. जड काय असंल ते मी उचलतो."

एकच गोष्ट त्याला कधी उचलता आली नाही: 'नाही' हा शब्द. लग्नाच्या पंगतीत कुणी हाळी दिली, "पैलवान, अजून चार जिलब्या?" की उत्तरादाखल शड्डू. कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, शड्डू. सारं गाव हसायचं, मीही हसायचे. नकाराची सवयच आम्ही कुणी त्याला लागू दिली नाही.

चैत्रातल्या यात्रेला चार दिवस होते. तालमीत सरावाला तो डोक्यावर आपटला. संध्याकाळी जेवायला बसला आणि भाकरीच्या वीतभर अलीकडेच हात घालून हसला, "दोन भाकरी दिसत्यात मला. मजा हाय बुवा!" आम्हीही हसलो. मग त्याला उलट्या झाल्या. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर स्वच्छ लिहिलं: मेंदूला मार आहे, महिनाभर कुस्ती बंद, पुन्हा मार लागला तर जिवावर बेतेल.

तो कागद घेऊन मी यात्रा कमिटीच्या मांडवात गेले. अध्यक्ष नाना खुर्चीत रेलून कुस्त्यांच्या जोड्या लावत होते. त्यांनी कागद हातभर लांब धरला. चष्मा खिशातच राहिला.

"ताई, तू शिकलेली पोरगी. पण फडाचा कायदा निराळा हाय. मानाची कुस्ती हाय, फ्लेक्सवर फोटो लागलाय त्याचा. त्यालाच विचारू की."

"त्याला विचारू नका, नाना. तो नाही म्हणणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"मग झालं तर!"

मांडवातली माणसं खदखदून हसली. माझी पदवी, माझं वाचन, डॉक्टरांची सही, सगळं त्या हसण्याच्या धुरळ्यात उडून गेलं. घरी आईनं लंगोट लपवला, मी पाय धरले. दादा म्हणाला, "नाव लागलंय गं माझं." आणि शेजारच्या पैलवानाचा लंगोट मागून गेला.

यात्रेच्या त्या दुपारी ऊन पितळेसारखं तापलं होतं. हलगी कडाडत होती. मी फडाच्या दोरखंडाशी उभी. आता मुलीही कुस्ती खेळतात, पण आमच्या गावच्या मातीत बाईनं उतरायचं नाही. नानांनी माईक हातात घेतला. "काय पैलवान, तब्येत कशी हाय?" शिट्ट्या, हशा. दादानं हात उचलला. तो मांडीच्या कडेवरून निसटून हवेतच खाली गेला. आवाज आलाच नाही. माणसांना वाटलं, चेष्टा करतोय. मला कळलं. नाना त्याच्यापासून दोन पावलांवर होते; त्यांनाही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून क्षणभर सावली सरकली, मी पाहिली. दुसऱ्या वेळी शड्डू घुमला. नाना माईकवर ओरडले, "ऐकलं का मंडळी!" आणि हलगीवर टिपरी पडली.

कुस्ती मी सांगणार नाही. तांबड्या मातीत तो पाठीवर पडला होता, डोळे उघडे होते, आणि ते आकाशाकडेही पाहत नव्हते. तेव्हा मी दोरखंड ओलांडला. तोवर उशीर झाला होता. रूढी मोडायला मी त्याच्या पडण्याची वाट का पाहिली, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

पुढं दादाला दवाखान्यातून घरी आणल्यावर नाना शाल-नारळ घेऊन आले. म्हणाले, "त्यो सोताच हो म्हणला. साऱ्या गावानं ऐकलं." मी नारळ परत त्यांच्या हातात ठेवला. ज्याच्या रक्तातच नकार नाही त्याला भर फडात, हलगीच्या तालावर विचारायचं आणि त्याच्या मांडीच्या आवाजामागं लपायचं, याला विचारणं म्हणत नाहीत, नाना. फड तुम्ही भरवला, फोटो तुम्ही लावला, कागद तुमच्या हातात होता. 'नाही' म्हणायचं काम तुमचं होतं.

आता तालमीच्या पत्र्यावर उजेड नि:शब्द उतरतो. दादा ओसरीवर बसलेला असतो. माझं नाव त्याला कधी सापडतं, कधी नाही. मांजर त्याच्या मांडीवर झोपतं. वरातीची हलगी लांबून ऐकू आली की त्याचा उजवा हात हळूहळू वर येतो, आणि खाली कुठं यायचं ते विसरून तिथंच थांबतो. माणूस समोर बसलेला असावा आणि तरी त्याचीच आठवण यावी, अशा पोरकेपणाला भाषेत शब्द नाही. ऋतू येतात, बागा छाटल्या जातात, पुन्हा फुटतात. तो हात मात्र त्या चैत्रातल्या दुपारीच हवेत राहिला आहे. कुणीतरी पुढं होऊन तो धरावा आणि त्याच्या वतीनं 'नाही' म्हणावं, म्हणून.