सुई ओवेपर्यंत

सगळी गल्ली तिला फटाफट म्हणायची. माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक घरी पोचायच्या आत कापड कापून तयार, अशी तिची ख्याती. घराच्या पुढच्या खोलीतलं हे शिवणाचं दुकान तिने एकटीने उभं केलं होतं आणि घाई तर तिच्या पाचवीलाच पुजलेली. मागे पडलं होतं ते फक्त सासूबाईंचं जाकीट. कापून ठेवलेलं ते बिचारं कधीचं कपाटात पडून होतं. घरच्या माणसाचं काम काय, कधीही होतं.

मग तिची उजवी टाच दुखायला लागली. टाचेमागून पोटरीकडे जाणारी ती जाड शीर. सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागे, आणि मशीनचं पॅडल दाबलं की कळ मस्तकात जाई. तेल झालं, शेक झाला, येणाऱ्याजाणाऱ्याचे सल्ले झाले. शेवटी दुकान बंद ठेवून तिने पाय उशीवर ठेवला. दुखणं थांबलं. दुकान उघडलं आणि पहिले पाढे पंचावन्न.

"हे असंच राहिलं तर मशीन विकायचं आणि घरी बसायचं," ती सासूबाईंना म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू आलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी वयाने लहान, पण बोलायला ठाम होती. "पायाला नुसतं बसवून ठेवू नका, झेपेल तेवढं काम द्या. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही टाचा उचलायच्या, मग भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू खाली सोडायची. थोडं दुखेल, चालेल. दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा. महिने लागतील."

घोडं अडलं ते 'हळूहळू'पाशी. आमची फटाफट दारातल्या पायरीवर उभी राहिली आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर, खालीवर करून मोकळी झाली. आठवड्यात टाच सुजली. फिजिओच्या पोरीने कपाळाला हात लावला.

"दुखणं येतं हत्तीच्या पायाने आणि जातं मुंगीच्या पायाने," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उंबऱ्याशी खुर्ची ओढली आणि तुरपाईच्या सुयांची डबी मांडीवर घेतली. "मी एक सुई ओवते, तू एकदा टाच उतरव. माझ्या आधी खाली पोचलीस तर ते धरायचं नाही."

सासूबाईंचं सुई ओवणं म्हणजे परीक्षाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट गेलं, अशी दर सुईला त्यांची तक्रार. दोरा ओठांनी ओला करायच्या, सुई उजेडात धरायच्या, नेम चुकायचा, पुन्हा दोरा ओला. तोवर सुनेची पोटरी थरथरायची.

"आई, आटपा हो."

"डोळ्यांनी दिसायला नको का, बाई?"

रोज सकाळी हाच खेळ. सूनबाई मनात चरफडायची, पण टाच सावकाश उतरत राहिली. पुढे फिजिओच्या सांगण्यावरून ती खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन उतरू लागली. मग एका सकाळी ती पलंगावरून उतरून थेट स्वयंपाकघरात गेली, आणि भिंत धरायची राहिली हे तिला चहा गाळताना कळलं. तिथेच उभ्या उभ्या तिचे डोळे भरून आले.

त्या दिवशी ती मशीनवर पूर्ण वेळ बसली. दुपारी सुईतला दोरा तुटला. शेजारी बटणं लावत बसलेल्या सासूबाईंनी बोलता बोलता हात पुढे केला आणि एका फटक्यात दोरा ओवून दिला.

सून बघतच राहिली. "आई, तुम्हाला दिसतं?"

सासूबाईंनी जीभ चावली. "ऑपरेशननंतर समोरच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते."

"मग रोज सकाळी ते..."

"तुला 'हळू कर' म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

सासूचे आभार कसे मानतात ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा कपडा तिने बाजूला सारला, कपाटातून ते जाकीट काढलं, घड्या हाताने सारख्या केल्या आणि शिवायला घेतलं. पॅडलवर पाय अगदी सावकाश पडत होता.

"पाय दुखतोय का गं?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "आज घाई नाही."