गोल टोकांची अक्षरे

नंदुरबारच्या लालचंदांनी आपल्या छापखान्यासाठी मोठी अक्षरे शिसवी लाकडात स्वतः कोरली होती. प्रत्येक रेघ सारखीच जाड, प्रत्येक टोक गोल. बोरूने लिहिल्यासारखा जाड-बारीकपणा कुठेही नाही. दोन वर्षे ती एकाच गिऱ्हाइकाने वापरली : गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या एका कंपनीने, आपल्या जाहिरातींसाठी.

१९३५ च्या उन्हाळ्यात जवळच्या रनाळे गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. तेथील विहिरीवर लावण्यासाठी डॉक्टर गिरधर यांना सूचना छापून हवी होती. त्यांनी छापखान्यातील सर्व अक्षरांचे नमुने रस्त्यापलीकडे टांगले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून वाचून घेतले. गोल अक्षरे सर्वांत लांबून वाचली गेली. प्रयोग काटेकोर होता. फक्त तो ज्यांना वाचता येत होते त्यांच्यावरच झाला होता.

‘हे पाणी पिऊ नका’ हा कागद सकाळी विहिरीजवळच्या कडुलिंबावर लागला. दुपारी लालचंद पाहायला गेले, तेव्हा झाडाखाली चटया अंथरलेल्या होत्या. बायका-मुले बसली होती आणि रहाट चालू होता.

“शेट, तंबू कोठे ठोकतस?” त्या बायकांपैकी तापीबाईंनी हातात भरलेला तांब्या घेऊन विचारले. “पोरे सकायपाईन वाट देखी ऱ्हायनात.”

“कसला तंबू? ते पाणी ओता आधी! त्यात पटकी आहे, असं लिहिलंय तिथं.”

“आम्हले कोठे वाचता येस? पन हाई अक्षर आम्ही वळखतस. हाई लागनं का सिनेमा येस.” शेट उगाच भीती घालताहेत असे वाटून त्या हसल्या. “फुकट देखसूत म्हनीसन भ्या दखाडी ऱ्हायनात का?”

आणि लालचंदांच्या देखत त्यांनी तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

लालचंदांनी कागद फाडला. खेळ मोडल्याबद्दल बायकांनी त्यांना शिव्या दिल्या, आणि उन्हातून घरी निघण्यापूर्वी मुलांना पुन्हा पाणी पाजले.

आठवडा संपण्याआधी तापीबाई आणि दोन मुले दगावली.

“माझ्या अक्षरांनी?” लालचंदांनी डॉक्टरांना विचारले.

“सांगता येणार नाही. त्याच विहिरीचं पाणी ते आधीही पीत होते. हा रोग काही तासांत दिसतो, किंवा पाच दिवसांनीही.”

“म्हणजे नाही?”

“नाही, असंही म्हणता येत नाही.”

“डॉक्टरसाहेब, एक काहीतरी म्हणा. हो म्हणालात, तर सगळी अक्षरं चुलीत घालतो.”

“लालचंदशेठ, निवड माझी होती. पुरावा नसताना मी तुम्हाला दोष देणार नाही आणि त्यातून सोडवणारही नाही. खांडबाऱ्यालाही रोगी सापडला आहे. तिथे काय लावायचं?”

“काही लावायचं नाही. मी जाऊन बसतो.”

दुसऱ्या दिवशी ते खांडबाऱ्याच्या विहिरीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकीला तेच वाक्य सांगत राहिले. पुष्कळ जणी रिकाम्या घागरी घेऊन नदीच्या वाटेला लागल्या. एकीने मात्र घागर भरलीच. लालचंद तिच्यामागून घरापर्यंत गेले आणि पाणी उकळू लागेपर्यंत दारातून हलले नाहीत.