हाडोंगवालीच्या कोंबड्यांचा खोकला

सकाळी सहाला चावडीवरचा कर्णा खरखरला. कारभारी गो दोक-पाल यांनी नेहमीप्रमाणे आधी तीन फुंकरा मारून आपण हयात असल्याची गावाला खात्री करून दिली, आणि मग म्हणाले, "ग्रामस्थहो, पहिला बोक आठ दिवसांवर आला. उन्हाळा अंगावर घ्यायचा तर पोटात कोंबडीचा रस्सा पाहिजे. यंदा पाळी हाडोंगवहिनींची. कोंबड्या पाच, माणसं एकोणीस. भागेल."

बोक म्हणजे त्या मुलखातल्या उन्हाळ्याचे सगळ्यांत तापलेले तीन दिवस, पहिला, मधला आणि शेवटचा; तिन्ही दिवशी गाव चावडीवर एकत्र जेवतं आणि दर वर्षी एका घराची पाळी असते. हाडोंगवाली तेव्हा खुराड्यापाशी उकिडवी बसली होती. माहेर हाडोंगचं म्हणून हाडोंगवाली. पंचावन्न वर्षं याच नावाने हाका ऐकून स्वतःचं खरं नाव तिला आता फक्त दवाखान्यात कुणी पुकारलं तरच आठवायचं. तिने वर कर्ण्याकडे पाहिलं, मग खाली कोंबड्यांकडे. पाचांतल्या तीन खोकत होत्या. मान लांब करायची, चोच उघडायची आणि गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज काढायचा. नाकातून फेस, डोळ्यांच्या कडा सुजलेल्या. सगळ्यांत बेजार होती जावईबाई.

जावईबाई म्हणजे तांबडी कोंबडी. जावई घरी आला की सासूने अंडी देणारी कोंबडी कापायची ही तिथली रीत. चार वर्षांपूर्वी हाडोंगवालीने ही त्याच्यासाठीच राखली. पण जावयाला दर वेळी ऑफिसात काहीतरी निघायचं. तो आला नाही, कोंबडी राहिली. दुसऱ्या वर्षी ती हाक मारली की यायला लागली, जे जावयाला कधी जमलं नव्हतं. तिसऱ्या वर्षापासून हाडोंगवाली जेवायला बसली की ही तिच्या पावलावर येऊन बसायची. आता जावई आला असता, तर त्यालाच उपाशी परत पाठवायची तिची तयारी होती.

ती तशीच मातीच्या हातांनी चावडीवर गेली.

"कारभारी, कोंबड्या मिळायच्या नाहीत. खोकताहेत."

"अहो वहिनी, मग तर आजच द्या! मरायच्या आत कापलेल्या बऱ्या. उकळल्यावर खोकला राहतो होय?"

"तुमच्या आईला खोकला झाला होता तेव्हा..."

"वहिनी!"

"तेव्हा मी दोराजीचा काढा करून दिला होता. एवढंच म्हणत होते."

दोराजी म्हणजे डोंगरउतारावरचं पांढरं, कडू मूळ. त्या मुलखात माणसाने एकदा खोकलं की शेजारी दोराजी काढतात, दुसऱ्यांदा खोकलं की पाजतात. हाडोंगवालीने ती मुळं ठेचली, त्यात आलं-लसूण घातलं आणि तांदळाच्या धुवणात कालवून कोंबड्यांपुढे ठेवलं. शिवाय आजारी जिवाला डास छळतात, म्हणून दवण्याच्या जातीचा ओला रानपाला पेटवून खुराड्यात धूर केला. सगळं गाव उन्हाळ्यात अंगणात हा धूर करतं. तिने फक्त एक शहाणपण जास्त केलं. धूर वाया जाऊ नये म्हणून खुराड्याचं दार लावून घेतलं.

शेजारची सुंचांगवाली कुंपणावरून बघत होती. "कोंबड्या पाळल्यात की मासे सुकवताय?"

"तू तुझी मिरची वाळव."

तीन दिवसांत खोकला वाढला. चौथ्या दिवशी कर्णा म्हणाला, "हाडोंगवहिनींच्या खुराड्यात साथ शिरली आहे. गावात जे जे खोकेल, ते ते पसरायच्या आत पातेल्यात गेलंच पाहिजे. नियम लहानथोर सगळ्यांना सारखा."

दुपारी कारभारी पोतं घेऊन दारात हजर.

हाडोंगवाली खुराड्याच्या दारात बसली. हातात खुरपं होतं. ती तण काढत नव्हती. "सकाळी साथ म्हणता आणि दुपारी पोतं आणता? साथ जेवणार आहात का?"

"साथ निराळी, रस्सा निराळा."

"खरंच साथ असेल तर सरकारी डॉक्टर सांगेल. आत्ता फोन करते."

कारभाऱ्यांच्या हातातलं पोतं खाली आलं. पक्ष्यांचा तो मोठा रोग निघाला, तर पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतात आणि गावात पंख असलेलं काही शिल्लक ठेवत नाहीत. कारभाऱ्यांची अकरा बदकं होती.

"वहिनी, वेड्या आहात का? तुमच्याही जातील!"

"रोग असेल तर जातील," हाडोंगवाली म्हणाली. तिचं बोट फोनवर होतं. "रोगाने जातील. तुमच्या वाडग्यात नाही जायच्या."

संध्याकाळच्या आत डॉक्टरीण आली. प्यो से-इन तिचं नाव, वय तिशीच्या आत, अंगावर पायघोळ पांढरा अंगरखा. तिने कोंबड्यांच्या घशात कापसाच्या काड्या फिरवल्या आणि नमुने शहरात पाठवले. दोन दिवस त्या अंगणात कुणी यायचं नाही आणि तिथून कुणी बाहेर पडायचं नाही असं ठरलं. ते दोन दिवस हाडोंगवाली नीट जेवली नाही. जावईबाई तिच्या पावलावर बसून करकरत राहिली, आणि कुंपणापलीकडे कारभारी आपली बदकं मोजत राहिले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीण औषधाची पाकिटं घेऊन आली. "मोठा रोग नाही, आजी. छातीत जंतू धरलाय, त्याची ही सर्दी. बऱ्या होतील." मग ती खुराड्यात वाकली आणि नाक मुरडून बाहेर आली. "इथे धूर कुणी केला?"

सुंचांगवालीने आभाळाकडे पाहिलं.

"मी," हाडोंगवाली म्हणाली. "डास चावतात."

"यांना मुळात श्वास पुरत नाही, त्यात तुम्ही धूर कोंडलात. खोकला अर्धा त्यानेच वाढवला. डासांना जाळी लावा, खालचा ओला भुसा काढा, वारा येऊ द्या."

हाडोंगवालीने जावईबाईकडे पाहिलं. जावईबाईने तिकडे तोंड फिरवलं. "आणि दोराजी?" तिने जरा पडत्या आवाजात विचारलं.

"खाण्यातून थोडी द्या, अपाय नाही. पण जंतू काही तिला घाबरत नाही. त्याला हे औषध. पाच दिवस पाण्यातून, दुसरं पाणी ठेवायचं नाही. बऱ्या दिसल्या तरी मध्येच थांबायचं नाही. आणि औषध संपल्यापासून चौदा दिवस यांचं अंडं नाही, मांस नाही."

हाडोंगवालीची मान एकदम ताठ झाली. "काय म्हणालीस पोरी? पुन्हा म्हण. जरा मोठ्याने. कारभाऱ्यांना कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं!" कुंपणापलीकडून कारभारी म्हणाले.

"मग ऐका."

डॉक्टरणीने ते कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं. उभ्या आयुष्यात डोकेदुखीची गोळीसुद्धा न घेतलेल्या हाडोंगवालीने तो कागद खुराड्यावर खिळ्याने ठोकला. औषध मात्र ती घड्याळ लावून देत होती, आणि खुराड्याचं दार बिजागरीतून काढून परसात टाकलं होतं. त्या जागी जाळी.

पहिला बोक औषधात गेला. मधला बोक चौदा दिवसांत गेला. दोन्ही वेळा चावडीवर बाजारची गोठवलेली कोंबडी शिजली आणि कारभाऱ्यांनी प्रत्येक घासाला सुस्कारा टाकला. खुराड्यातली करकर एकेक करत थांबली. जावईबाई सगळ्यांत शेवटी थांबली आणि दुसऱ्या दिवशी पावलावर येऊन बसली, पण जरा उशिराने. धूर ती विसरली नव्हती. कारभाऱ्यांनी कॅलेंडरवर दिवस मोजले. चौदा दिवस संपून चार दिवसांनी शेवटचा बोक. त्यांनी त्या तारखेभोवती लाल गोल काढला.

त्या सकाळी कर्णा वाजला. "ग्रामस्थहो, आज शेवटचा... ख्ख्... बोक. हाडोंगवहिनींनी कोंबड्या... ख्ख्ख्..."

रात्रभर पंख्याखाली उघडे झोपले असणार. हाडोंगवालीने खोकले मोजले. सात झाले तशी ती उठली. एका हातात काढ्याचा थर्मास घेतला, डोक्यावर मोठं पातेलं ठेवलं आणि निघाली. जावईबाई मागून चालत आली.

"आणलीत!" कोंबडी पाहून कारभाऱ्यांचे डोळे चकाकले. "शाबास... ख्ख्... वहिनी!"

"आधी हे प्या."

खोकणाऱ्या माणसाला दोराजी पुढे आल्यावर नाही म्हणता येत नाही. कारभारी तोंड वाकडं करून घोट घेऊ लागले. तेवढ्यात हाडोंगवालीने माईक आपल्याकडे ओढला. फुंकर मारली नाही.

"ग्रामस्थहो, मी हाडोंगवाली. आत्ता कारभारी सात वेळा खोकले. सगळ्यांनी ऐकलंय. जे खोकेल ते पातेल्यात, हा नियम त्यांनीच केलाय, लहानथोर सगळ्यांना सारखा. माझी कोंबडी इथे उभी आहे, ती खोकत नाही. कारभारी बसलेत, ते खोकताहेत. यातलं काय शिजवायचं ते ज्याने त्याने येऊन सांगावं."

काढा कारभाऱ्यांच्या नाकात गेला. आठ, नऊ, दहा.

"पण मी त्यांना औषध पाजलंय," हाडोंगवाली शांतपणे पुढे म्हणाली. "तेव्हा चौदा दिवस त्यांना कुणी खाऊ नये. आणि माझ्या कोंबड्या मी आजही देत नाही, चौदा दिवसांनीही देत नाही, कधीच देत नाही. पाळी माझी आहे, ती मी चुकवत नाही. लाल चवळीची पेज आणलीय, तांदळाचे गोळे घातलेली. आपल्या सासवा बोकला हीच खायच्या. कोंबडी पुरुषांच्या पानात जायची. वाडगे घेऊन या."

एकोणीस माणसं आली. सतरा वाडगे दोनदा भरले. सुंचांगवालीने चार वेळा घेतली आणि गोड कमी आहे म्हणून चारही वेळा सांगितलं. जावईबाई हाडोंगवालीच्या पावलावर बसली होती. तिच्याकडे बघण्याचं धाडस फक्त कारभाऱ्यांनी केलं, तेही वाडग्याच्या आडून.

जेवणं झाल्यावर पुढच्या वर्षीची पाळी कुणाची याची वही निघाली. पाळी कारभाऱ्यांची होती. कुणीतरी बदकांचा विषय काढला.

कारभारी बराच वेळ वाडग्यात चमचा फिरवत राहिले. "त्यातलं एक," ते हळूच म्हणाले, "हाक मारली की येतं."

"हो का?" हाडोंगवालीने त्यांच्या वाडग्यात उरलेली पेज वाढली. "खोकत तर नाही ना?"