गाडी गिरगावात आली

मित्रांनो, मी एका कापड गिरणीचा जुना टेलिफोन बोर्ड आहे. माझी पेटी सागवानाची. उमेदीची वर्षं परळच्या गिरणीत गेली. आता गिरगावात, गिरणीच्या मालकांच्या पेढीच्या पोटमाळ्यावर पडून असतो.

माझ्या छातीवर पितळी झाकणांच्या ओळी आहेत. गिरणीत कुणी फोन उचलला की त्याचं झाकण खट्कन पडायचं. बोर्डावरची बाई दोरीची खुंटी त्या भोकात घालायची आणि विचारायची, "बोला." आवारात फोन पुष्कळ होते, पण बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्याच. आतला प्रत्येक आवाज माझ्यातूनच बाहेर पडायचा.

गिरणीत एक रीत होती. फोनवर कुणी आपलं नाव सांगत नसे, पत्ता तर नाहीच. "बॉयलर." "सायझिंग." बस, एवढंच. सायझिंग म्हणजे सुताला खळ देणारं खातं. ते मागच्या गल्लीला लागून होतं, हे बोर्डाला ठाऊक असायचं, मग पत्ता कशाला हवा?

बोर्डावर बकुळा बसायची. पोयबावडीच्या चाळीतली मुलगी, मॅट्रिक होऊन लागलेली. तिचे वडील भिवा सायझिंगमध्येच होते. एकदा तिथे एका माणसाचा हात रुळात सापडला. फोन करणाऱ्याला "सायझिंग" यापलीकडे शब्द फुटेना. बकुळाने तेवढ्यावर दवाखान्याचा स्ट्रेचर पाठवला आणि माणूस वाचला. साहेब खूश झाले. त्यांनी मला नवं पॉलिश करून दिलं आणि बकुळाला शाब्बास म्हटलं. पॉलिशचा मला फार अभिमान वाटला होता.

ब्याऐंशी साली संप झाला. भिवा गेटबाहेर, बकुळा गेटच्या आत. बोर्डावर तिच्या सोबतीला बसणाऱ्या कमलला ती घरचं सांगायची. भिवा जेवताना म्हणाले होते, "आत काय चाललंय ते मी इचारनार न्हाई. पन आमच्या खात्याचा फोन कोन उचलतं?"

"कुणी नाही, आबा. झाकण पडतच नाही."

त्यावर ते पुढे जेवलेच नाहीत म्हणे.

गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. यंत्रं भंगारात गेली. मला हातगाडीवर घालून गिरगावच्या पेढीत आणलं आणि माझ्याबरोबर बकुळालाही. गिरणीवर दोन रखवालदार ठेवले, भिवा आणि त्यांचा जुना सोबती धोंडू. त्यांच्यासाठी सायझिंगमधला एक फोन राहू दिला आणि खास तार ओढून तो गिरगावात माझ्याशी जोडला. पेढीचे मॅनेजर वसंतराव यांनी त्याच्या तबकडीवर पेढीचा नंबर चिकटवायला लावला. बिल त्याच नंबरावर येत होतं.

रोज दुपारी झाकण पडायचं.

"सायझिंग."

"सायझिंग मेलं, आबा. आता तिथं कबुतरं आहेत."

"मग कबुतरांचा जॉबर, मुकादम बोलतोय म्हन. जेवलीस का?"

"जेवले. तुमचा दम कसा आहे?"

"जिना चढताना लागतो. मग चढत न्हाई. धोंड्या चढतो, त्याला हौस हाय."

पुढे पेढीने माणसं कमी केली. बकुळाला बँकेची कामंही आली. वसंतरावांनी हुकूम काढला की तिने बाहेर जाताना गिरणीची तार माझ्या बाहेरच्या लाइनीला थेट जोडून जावं, म्हणजे फोन खोळंबणार नाहीत. तिने तसं करायला सुरुवात केली. त्यात तेव्हा कुणाला काही वावगं दिसलं नाही.

अशाच एका दुपारी ती बँकेत गेली होती आणि धोंडू भाजी आणायला. भिवांनी फोन उचलला. लेकीचा आवाज यायचा तिथे बाहेरच्या लाइनीची नुसती घरघर आली. त्यांनी रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. ते बोलणं माझ्यातून गेलं.

"सायझिंग," भिवा म्हणाले. "छातीत कळ आलीय."

"कुठून बोलताय, काका?"

"सायझिंगमधून."

"अहो, ते काय आहे? रस्ता कुठला?"

जन्म गेला त्या जागेत, पण फोनवर तिचा रस्ता त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "गिरनी," ते म्हणाले. "मागचं गेट."

"काका, फोनवर नंबर लिहिलेला असेल तो वाचा. पत्ता मी काढतो."

भिवांनी तबकडीवरचा नंबर एकेक आकडा करून वाचला. मग रिसीव्हर कशावर तरी आपटला.

रुग्णवाहिका गिरगावात आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पेढीचा जिना चढली.

"पेशंट कुठे आहे?"

"इथे कुणी आजारी नाही," वसंतराव म्हणाले. "चावटपणा केलाय कुणीतरी."

"नंबर तुमचाच आहे, साहेब. सायझिंग की काय म्हणत होता."

बकुळा तेवढ्यात बँकेतून परतली होती. तिने दारातच ते ऐकलं. ती धावत माझ्याकडे आली आणि कानाला हेडफोन लावला.

"आबा? आबा, मी बकुळा."

तार चालू होती. पलीकडे कबुतरं घुमत होती, बाकी काही नाही. तिने त्या माणसांना परळचा पत्ता सांगितला, वर्दळीचा रस्ता टाळून कुठून जायचं तेही सांगितलं, आणि त्यांच्याच गाडीत बसून गेली. मागच्या गेटला संपापासून साखळी होती. किल्ली भिवांच्या कमरेला. गाडी पुढून वळसा घालून आत नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं-चौदावं त्यांच्याकडे करत नाहीत. बुद्धवंदना झाली आणि बकुळा कामावर आली. "तबकडीवर गिरणीचा पत्ता लावा," ती वसंतरावांना म्हणाली.

"लावू. ऑडिट आटपू दे."

ऑडिट आटपलं, पत्ता लागला नाही. बकुळा रोज धोंडूला फोन करून पत्ता म्हणायला लावायची. तो बिचारा शाळकरी पोरासारखा म्हणायचा. एकदा मध्येच अडला.

"पोरी, छातीत कळ आल्यावर मला हे आठवंल का गं?"

बकुळाने त्याला पत्ता पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला. मग पेढीत स्वयंचलित यंत्र आलं, तिला नारळ मिळाला आणि मला पोटमाळा. आता गिरणीच्या जागी उंच इमारत झाली आहे. पेढीवर येणारे जुने कामगार म्हणतात, तिच्यातही मजले अनेक आणि बाहेरचा नंबर एकच. त्या नंबराचा पत्ता कुठला, ते कुणी विचारलेलं नाही.

मित्रांनो, माझं कुणी ऐकेल अशी आशा मी सोडली आहे. तरी सांगतो. शाळेत, दवाखान्यात, आईबाबांच्या ऑफिसात फोन दिसला तर मोठ्यांना विचारा, इथून मदत मागितली तर गाडी कुठे येईल? उत्तर ठाऊक नसेल तर ते हसतील. हसू द्या, आणि पुन्हा विचारा.